फंडिंग मिळालं म्हणजे नक्की काय मिळालं?

कोल्हापुरात कुणाचं काही मार्गी लागलं की हल्ली एकच शब्द कानावर येतो : फंडिंग. उद्यमनगरातल्या वर्कशॉपवाल्याला बँकेनं कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठी लागेल तसं उचलायचं कर्ज दिलं, तरी फंडिंग. तालमीच्या फुटबॉल संघाला नव्या जर्सी मिळाल्या, तरी फंडिंग. गडहिंग्लजच्या मुलीला परदेशातल्या विद्यापीठाचं पत्र आलं, तरी फंडिंगच. आनंद खरा असतो आणि पेढेही वाटले जातात. पण यातला एक पैसा व्याजासकट परत द्यायचा असतो, दुसऱ्याच्या बदल्यात छातीवर कुणाचं तरी नाव मिरवायचं असतं आणि तिसऱ्यातला काही भाग कर्ज असतो, काही माफी. इंग्रजीत या प्रत्येकाला स्वतंत्र शब्द आहे. कागदावर सही होते ती त्या शब्दाखाली, आणि पुढची सात-दहा वर्षं कशी जाणार हे त्यावरच ठरतं.

आधी अगदी जवळचे चार शब्द घेऊ. फंड म्हणजे एखाद्या कामासाठी बाजूला काढून ठेवलेली गंगाजळी : प्रॉव्हिडंट फंड, रिलीफ फंड. फंड्स म्हणजे हाताशी असलेला पैसा. चेक परत आला की मेमोवर ‘फंड्स इनसफिशियंट’ असं छापलेलं असतं, ते या अर्थानं. फंडिंग म्हणजे ठरावीक कामासाठी पैसा येणं, मग तो कुठूनही आणि कसाही येवो. फायनान्स या शब्दात मात्र परतफेडीचा वास असतो, आणि आपल्या लोकांना तो बरोबर कळतो. ‘गाडी फायनान्सवर काढली’ असं कुणी सांगितलं, की हप्ते चालू आहेत हे वेगळं सांगावं लागत नाही. तेव्हा फंडिंग हा फक्त वरचा गठ्ठा आहे. तो सोडल्याशिवाय आत काय आहे ते समजत नाही. सोडताना मी आधी एवढंच बघायला सांगतो : पैसा परत द्यायचा आहे का, मालकीतला वाटा जातोय का, खर्चावर कुणाची अट आहे, आणि काम बुडालं तर भरणार कोण.

परत न द्यायच्या पैशात पहिला मान ग्रँटचा. हा शब्द आपल्याकडं शिक्षकांच्या घराघरांत आहे. ‘शाळा ग्रँटवर आली का?’, ‘वीस टक्क्यांवर आली’ हे संवाद ऐकत इथल्या दोन पिढ्या मोठ्या झाल्या. 1854 सालच्या वुडच्या खलित्यात खासगी शाळांना ‘ग्रँट इन एड’ द्यावी अशी शिफारस होती, तिथून हा शब्द हिंदुस्थानच्या शिक्षणव्यवस्थेत रुजला. संस्था स्वतः चालवत असलेल्या कामाला सरकारचा हातभार, असा त्याचा अर्थ. हातभार असल्यामुळं अटी आल्या : पटसंख्या, तपासणी, हिशेब. ग्रँट परत करायची नसते, पण ती मोकळीही नसते. ज्या कामासाठी आली त्याच कामावर खर्च झाली याचं युटिलायझेशन सर्टिफिकेट द्यावं लागतं. कार्यालयात त्याला नुसतं ‘युसी’ म्हणतात. युसी गेलं नाही की पुढचा हप्ता अडकतो, आणि खर्च भलतीकडं झाला असेल तर वसुलीही निघते. प्रयोगशाळेसाठी आलेल्या ग्रँटमधून संस्थेच्या इमारतीला रंग दिला, तर रंग कितीही चांगला लागला असला तरी तो पैसा चुकीचाच गेला.

डोनेशन याहून मोकळं. देणारा देतो, पावती घेतो, बदल्यात काही मागत नाही. दुर्दैवानं आपल्याकडं कॉलेजच्या प्रवेशासाठी मोजलेल्या रकमेलाही डोनेशनच म्हणायची सवय लागली आणि एक चांगला शब्द खराब झाला. ज्याच्या बदल्यात जागा मिळते तो पैसा देणगी होत नाही.

स्कॉलरशिप, डोनेशन आणि लोन हे तिन्ही शब्द एकाच आयुष्यात बघायचे असतील, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडं बघावं. 1913 मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. रक्कम परत करायची नव्हती, पण शिक्षणानंतर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. आज याला ‘स्कॉलरशिप विथ बाँड’ म्हणतात. 1920 मध्ये ‘मूकनायक’ सुरू झालं, तेव्हा आपल्या शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. ती मदत होती. त्याच वर्षी अपुरं शिक्षण पूर्ण करायला बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा नवल भथेना या पारशी मित्राकडून त्यांनी पैसे घेतले, ते उसने. तिन्ही माणसांचे उपकार मोठेच. पण बडोद्याच्या पैशामागं नोकरीचं बंधन आलं, कोल्हापूरच्या पैशामागं आलं नाही आणि भथेनांचा पैसा परत द्यायचा होता. बडोद्यात त्यांना जी वागणूक मिळाली आणि ती नोकरी ज्या तऱ्हेनं सुटली, ते वाचलं की करारातली एक अट माणसाला कुठं नेऊन उभं करते हे समजतं.

आता सबसिडी. सगळ्यात जास्त गैरसमज या शब्दाभोवती आहेत. ‘पस्तीस टक्के सबसिडी’ एवढं ऐकून पोरं फॉर्म भरायला धावतात. सबसिडी म्हणजे किमतीचा किंवा खर्चाचा काही भाग सरकारनं उचलणं. बाकीचा भाग तुमचाच राहतो, आणि बहुतेक वेळा तो बँकेच्या कर्जातून येतो. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचं, म्हणजे पीएमईजीपीचं उदाहरण घेऊ. राधानगरी तालुक्यातल्या एखाद्या गावात खुल्या प्रवर्गातल्या तरुणानं वीस लाखांचा उत्पादन प्रकल्प मांडला. त्यानं स्वतःचे दहा टक्के, म्हणजे दोन लाख घालायचे. उरलेले अठरा लाख बँक कर्ज म्हणून मंजूर करते. ग्रामीण भागात खुल्या प्रवर्गाला सबसिडी 25 टक्के, म्हणजे पाच लाख. महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, माजी सैनिक वगैरेंना ती 35 टक्के आणि स्वतःचा वाटा फक्त पाच टक्के.

हे पाच लाख त्या तरुणाच्या हातात पडत नाहीत. ते त्याच्या नावानं बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून अडकतात. ठेवीवर व्याज मिळत नाही, पण तेवढ्या रकमेच्या कर्जावर बँक व्याजही लावत नाही. म्हणजे व्याज चालू राहतं ते साधारण तेरा लाखांवर. तीन वर्षांनी युनिट खरोखर चालू आहे की नाही याची पाहणी होते आणि मगच ते पाच लाख कर्जात जमा होतात. याला ‘बॅक एंडेड सबसिडी’ म्हणतात, सोप्या शब्दांत शेवटी मिळणारी सूट. दुसऱ्या वर्षी शटर खाली ओढलं, तर सूटही गेली आणि कर्ज तसंच राहिलं. फॉर्म भरून देणारे एजंट हा भाग सांगत नाहीत, म्हणून इथं इतकं सविस्तर लिहिलं.

सबसिडीचीच चुलत बहीण म्हणजे इंटरेस्ट सबव्हेन्शन. यात मुद्दल सगळी तुमची असते, व्याजाचा भार तेवढा सरकार उचलतं. आपल्या शेतकऱ्याला हा शब्द माहीत नसेल, पण व्यवहार तोंडपाठ आहे. सोसायटीचं तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज सवलतीच्या दरानं मिळतं, मुदतीत फेडलं की केंद्राकडून तीन टक्क्यांची सवलत, उरलेलं राज्याच्या पंजाबराव देशमुख योजनेतून, म्हणजे वेळेत फेडणाऱ्याला शून्य टक्के. सगळा जोर ‘मुदतीत’ या शब्दावर आहे. उसाचं बिल लांबलं, सोसायटीची कपात उशिरा झाली आणि तारीख उलटली, की तेच कर्ज महाग होतं. अण्णासाहेब पाटील महामंडळाच्या व्याज परताव्यातही हप्ता आधी स्वतः भरायचा असतो, मग व्याजाची रक्कम खात्यावर येते. मराठीतला ‘परतावा’ हा शब्द इथं नेमका बसला आहे.

कर्जाकडं वळू. लोन सगळ्यांना कळतं, पण त्याला लागून येणारे शब्द कळत नाहीत. सँक्शन म्हणजे मंजुरी आणि डिसबर्समेंट म्हणजे प्रत्यक्ष पैसे सुटणं. सँक्शन लेटर हातात पडलं म्हणून मशीनची ऑर्डर देऊन बसलेले लोक मी बघितलेत. पत्राच्या दुसऱ्या-तिसऱ्या पानावर अटींची यादी असते आणि ती पूर्ण होईपर्यंत एक रुपया सुटत नाही. आणखी एक गंमत अशी की इंग्रजी बातम्यांत एखाद्या देशावर ‘सँक्शन्स’ लागल्या असं येतं, तिथं त्याचा अर्थ निर्बंध. मंजुरीचा अर्थही इंग्रजीत जुनाच आहे, पण कर्जाच्या बाबतीत परदेशी बँक ‘अप्रूव्ह्ड’ म्हणते. परदेशात कुणाला लिहिताना ‘माय लोन इज सँक्शन्ड’ असं लिहिलं तर समोरचा क्षणभर अडखळतो. लेंड आणि बॉरोची गल्लतही नेहमीची. बँक लेंड करते, आपण बॉरो करतो. मराठीत आपण ‘उसने दिले’ आणि ‘उसने घेतले’ असा नुसत्या क्रियापदावर फरक करतो, इंग्रजीत त्याला दोन वेगळे शब्द आहेत.

तारणाचे तीन शब्द नीट ओळखा. प्लेज म्हणजे वस्तू सावकाराच्या किंवा बँकेच्या ताब्यात जाते. सोनेतारण हे प्लेज. साखर कारखान्याच्या गोदामातल्या पोत्यांवर बँक उचल देते, तेही प्लेज, साखर विकायची तर बँकेची परवानगी लागते. हायपोथिकेशनमध्ये वस्तू तुमच्याकडंच राहते, हक्क तेवढा बँकेचा. ट्रॅक्टर तुमच्या दारात उभा असतो, पण आरसी बुकावर बँकेचं नाव असतं. शिरोलीतल्या फौंड्रीचा कच्चा माल आणि येणी याच पद्धतीनं बँकेकडं बांधलेली असतात, म्हणून तर दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट द्यावं लागतं आणि त्यावरून किती रक्कम उचलता येईल हे ठरतं. मॉर्गेज म्हणजे जमीन किंवा घर गहाण. त्याची खूण सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात बोजा म्हणून दिसते. कर्ज फिटलं म्हणजे बोजा आपोआप उतरला असं समजू नका. बँकेचा दाखला घेऊन तलाठ्याकडं नोंद कमी करून घ्यावी लागते, आणि ती राहून गेल्यामुळं वीस वर्षांनी भावाभावांची वाटणी अडलेली घरं आपल्या भागात कितीतरी आहेत.

आता सगळ्यात महत्त्वाचा शब्द. गॅरंटी.

‘नुसती एक सही कर की. बँकवाले काय तुझ्याकडं येत न्हाईत.’ हे वाक्य आपल्या जिल्ह्यात लग्नाच्या मांडवात, दूध संस्थेच्या दारात, शिक्षकांच्या स्टाफरूममध्ये रोज बोललं जातं. माणुसकीपोटी सही होते. आपल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? पण भारतीय करार कायद्याचं, म्हणजे 1872 च्या कायद्याचं कलम 128 सांगतं, की करारात वेगळं काही ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. निम्मी नसते, नंतरची नसते. बँकेनं आधी कर्जदाराच्या मागं लागावं आणि तो सापडला नाही तरच जामीनदाराकडं यावं, असा क्रम कायद्यात नाही. ज्याचा पगार नियमित, त्याच्याकडून वसुली सोपी. पतसंस्थेचं कर्ज असेल तर सहकार कायद्याच्या कलम 101 खाली वसुलीचा दाखला निघतो. ‘101 चा दाखला निघालाय’ हे शब्द ऐकून रात्रभर जागलेली माणसं मला माहीत आहेत. त्यांनी स्वतःसाठी त्या कर्जातला चहासुद्धा घेतलेला नव्हता.

त्यातही कॅश क्रेडिटला जामीन राहणं जास्त जोखमीचं. टर्म लोन हप्त्याहप्त्यानं कमी होत जातं. कॅश क्रेडिट दरवर्षी नवं होतं आणि जामीन चालूच राहतो, याला ‘कंटिन्युइंग गॅरंटी’ म्हणतात. पुढच्या व्यवहारांपुरती ती बँकेला नोटीस देऊन काढून घेता येते, अशी तरतूद कलम 130 मध्ये आहे. आधी उचललेल्या रकमेची जबाबदारी मात्र सुटत नाही. आणि जामीनदाराला कर्ज भरावं लागलंच, तर कलम 140 प्रमाणं बँकेचे कर्जदाराविरुद्धचे सगळे हक्क त्याच्याकडं येतात. भरलेल्या पैशाची पावती आणि बँकेचं पत्र जपून ठेवून तो कर्जदारावर दावा लावू शकतो. हे फार कमी लोकांना ठाऊक आहे.

सरकारी गॅरंटीबद्दलही असाच घोळ आहे. लघुउद्योगांना तारणाशिवाय कर्ज मिळावं म्हणून 2000 साली सीजीटीएमएसई हा ट्रस्ट निघाला. ‘कोलॅटरल फ्री’ असं ऐकून लोकांना वाटतं, बुडालं तर सरकार भरणार. सरकार भरतं ते बँकेचं नुकसान, तेही काही प्रमाणात. कर्जदाराची जबाबदारी तशीच राहते आणि वसुली चालूच राहते. तारण नको म्हणजे कर्जापोटी वेगळी मालमत्ता गहाण नको आणि तिऱ्हाइताचा जामीन नको, एवढाच अर्थ. राइट ऑफ आणि वेव्हरमध्येही हाच फरक. वेव्हर म्हणजे माफी. राइट ऑफ म्हणजे बँकेनं आपल्या पुस्तकातून ती रक्कम बाजूला काढली, कर्जदार सुटला नाही. वर्तमानपत्रांत दोन्हींना सर्रास ‘कर्जमाफी’ म्हटलं जातं, ते थांबायला हवं.

मालकीतला वाटा देऊन पैसा घेणं म्हणजे इक्विटी. हा शब्द नवा वाटतो, पण कोल्हापूरनं तो व्यवहार फार पूर्वी केला. 1929 मध्ये प्रभात फिल्म कंपनी इथं निघाली, तेव्हा भागीदार पाच होते. शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर यांच्याकडं हुन्नर होता, पाचवे सीताराम कुलकर्णी सराफ, त्यांच्याकडं भांडवल. त्यांनी कर्ज दिलं नाही, भागी घेतली. कंपनी बुडाली असती तर पैसा बुडाला असता, चालली तेव्हा नफ्यात वाटा. चौघांनी पैशाऐवजी कष्ट घातले, त्याला आज ‘स्वेट इक्विटी’ म्हणतात. त्याआधी बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली, तेव्हा त्यांच्या कलेवर विश्वास ठेवून गायिका तानीबाई कागलकर यांनी पैसा दिला होता. नाटक-सिनेमाच्या अशा पाठीराख्यांना न्यूयॉर्कच्या नाट्यसृष्टीत ‘एंजल’ म्हणायचे, तिथूनच आजचा ‘एंजल इन्व्हेस्टर’ आला. तानीबाईंचं नाव आपल्या स्टार्टअपच्या मेळाव्यांत घेतलं जावं असं मला मनापासून वाटतं.

इक्विटीच्या कागदात एक जागा अशी असते जिथं हुशार मुलंही फसतात. समजा, एखादा गुंतवणूकदार म्हणाला, ‘तुमची कंपनी एक कोटीची धरू, मी वीस लाख घालतो.’ एक कोटी हे पैसे येण्याआधीचं मोल असेल, म्हणजे प्री-मनी, तर पैसे आल्यावर कंपनी एक कोटी वीस लाखांची होते आणि त्याचा वाटा होतो 16.67 टक्के. पण ते पोस्ट-मनी, म्हणजे पैसे आल्यानंतरचं मोल असेल, तर त्याचा वाटा पुरे 20 टक्के. रक्कम तीच आणि बोलणंही तेच, फक्त एक शब्द विचारायचा राहिला आणि कंपनीतला तीन टक्क्यांहून जास्त वाटा गेला. सीड फंडचं, म्हणजे धंद्याच्या अगदी सुरुवातीच्या पैशाचंही तसंच. केंद्राच्या 2021 च्या स्टार्टअप इंडिया सीड फंड योजनेत कल्पना सिद्ध करण्यासाठी वीस लाखांपर्यंतची रक्कम ग्रँट म्हणून मिळते, पण बाजारात उतरण्यासाठीचे पन्नास लाखांपर्यंत मिळतात ते कर्ज किंवा कन्व्हर्टिबल डिबेंचर, म्हणजे पुढं शेअरमध्ये बदलता येणारं कर्ज म्हणून. योजना एकच, पण पैसे दोन जातींचे.

स्पॉन्सरशिपवर फार लिहायला नको, शाहू स्टेडियमवर गर्दी करणाऱ्यांना ती कळते. जर्सीवर नाव, मैदानाभोवती फलक, त्या बदल्यात पैसे. हा जाहिरातीचा सरळ सौदा, आणि त्यात कमीपणा काही नाही. मात्र त्याला सीएसआर म्हणू नये. 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 135 प्रमाणं मोठ्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची असते, आणि जाहिरातीच्या फायद्यासाठी केलेली स्पॉन्सरशिप त्यात धरता येत नाही, असं नियमच सांगतात. एखाद्या मंडळानं कंपनीकडं ‘सीएसआरमधून आमचा कार्यक्रम स्पॉन्सर करा’ असा अर्ज दिला, तर त्या एका वाक्यानंच अर्ज बाजूला पडू शकतो. कार्यक्रमाला प्रायोजक हवा असेल तर मार्केटिंग विभागाला लिहा. शाळेला शौचालय हवं असेल तर सीएसआर विभागाला, आणि त्यासाठी संस्थेची सीएसआर-1 नोंदणी आधी करून ठेवा.

पेट्रनेज म्हणजे राजाश्रय. अल्लादिया खाँसाहेबांचं गाणं इथं फुललं आणि 1912 साली खासबाग मैदान उभं राहिलं ते त्याच्याच बळावर. एन्डोमेंट म्हणजे मुद्दलाला हात न लावता फक्त उत्पन्न वापरायचं, अशी कायमची सोय. देवस्थानच्या इनाम जमिनी आणि कॉलेजांतली आजोबा-आजींच्या नावाची पारितोषिकं याच जातीची.

राहिलं परदेशातल्या विद्यापीठाचं पत्र. अमेरिकेत ‘फायनान्शियल एड’ या नावाखाली ग्रँट, स्कॉलरशिप, वर्क-स्टडी (शिकताना काम करून मिळणारा पैसा) आणि लोन अशी सगळी एकत्र बेरीज दाखवतात. खालचा मोठा आकडा बघून घरचे हरखून जातात, आणि त्यातला बराचसा भाग कर्ज असू शकतो. म्हणून बेरीज बघू नका, प्रत्येक ओळ वेगळी वाचा. ‘ट्यूशन वेव्हर’ असेल तर फी माफ, पण खोलीभाडं आणि खाणं तुमचं. ‘असिस्टंटशिप’ असेल तर शिकवण्याचं किंवा संशोधनाचं काम करून मिळणारा पैसा, आणि त्यातून हातात येणाऱ्या महिन्याच्या रकमेला ‘स्टायपेंड’ म्हणतात. ‘फेलोशिप’मध्ये बहुधा कामाचं बंधन नसतं. इथल्या बँकेचं शैक्षणिक कर्ज घेतलं असेल, तर ‘मोरॅटोरियम’ हा शब्द भेटतोच : साधारणपणे अभ्यासक्रमाचा काळ आणि वर एक वर्ष हप्ता नाही. हप्ता नसला तरी व्याज मोजलं जात असतं. त्या काळात घरून महिन्याला नुसतं व्याज भरत राहिलं, तर मुलगी नोकरीला लागेल तेव्हा तिच्या डोक्यावर फक्त मुद्दल उरेल.